ब्लू शर्ट, विंडो सीट

—नाही नाही, बाई, त्या खुर्चीवर नको, ती आरोपींची — म्हणजे तसं लिहिलेलं नाही तिच्यावर, पण तिचा पुढचा पाय आखूड आहे, बसलेला माणूस आपोआप पुढं झुकतो आणि खरं बोलायला लागतो, म्हणून आमचे इन्स्पेक्टर सार ती दुरुस्त करू देत नाहीत. तुम्ही इथं पंख्याखाली बसा. अर्ज द्या, घेते की! घेणार नाही म्हणून कुठं म्हटलं मी? घेतला की पावती द्यावी लागते, पावतीला नंबर, नंबराला चौकशी, आणि चौकशी कोण करणार — हेड कॉन्स्टेबल श्रीलक्ष्मी. म्हणजे मीच. माझ्याविरुद्धचा अर्ज माझ्याच हातात. हसलात का? नाही? मला वाटलं. आधी काफी घ्या, विहीणबाई… नको, विहीणबाई नको? बरं बरं, राहिलं. नुसतं बाई म्हणते. नागलक्ष्मीबाई. तिरुवैयारुहून एवढ्या उन्हात आलात, काफी तरी घ्या, काफीला नात्याची गरज नाही. अर्ज इथं डबऱ्याखाली, काफीच्या या वाटीखाली, ठेवते, पंख्यानं उडेल नाहीतर — उडाला तर मीच उडवला म्हणाल.

वाचला मी. अक्षर किती सुंदर हो तुमचं, गाणं शिकवता म्हणून असेल, एक ओळ वाकडी नाही. आमच्याकडे अर्ज येतात ते मुंग्या शाईत बुडून कागदावर फिरल्यासारखे. तर — ‘माझा एकुलता एक मुलगा विश्वेश, वय एकतीस, चेन्नईत कामाला, काहीही गुन्हा नसताना शुक्रवारी भर दुपारी बावन्न प्रवाशांसकट पोलीस स्टेशनात आणला गेला’ — बावन्न नव्हते, बाई. एकोणपन्नास. ही आमची कॉन्स्टेबल जननी, हीच, तोंडात पदर — पदर कुठला, युनिफॉर्म आहे — तोंडात रुमाल कोंबून बसलीय ती, तिनं मोजले. आणि आणला कुणी? आमचा एक पोलीस जागचा हलला असेल तर शपथ. पोलीस गेले नाहीत, बसच आली! टाऊन बस, मार्ग सोडून, कोपऱ्यावरचा फुलवाला चुकवत, आमच्या फाटकात. मी पंचवीस वर्षं नोकरी करतेय, बस पकडायला लोक धावताना पाहिलेत, पण लोकांना घेऊन बस धावत पोलिसांकडं येताना — नाही, तुमचं बरोबर आहे, हसण्यासारखं नाही. त्याची चेन्नईची गाडी चुकली, मान्य. अवघ्या गावात फोटो झाला, मान्य.

पण हा अर्ज वर गेला तर काय होईल ते सांगते. माझ्याकडचं स्टेशनचं फोनवरचं पेज जाईल, बदली होईल — होऊ दे, पट्टुकोट्टैला माझी आतेबहीण आहे, तिथं उडीदवडे खाऊन राहीन. पण माझी रम्या! सत्तावीसची, फार्मसी कॉलेजात शिकवते, अकरा मुलं नाकारून झाली — एकाचं हसणं आवडलं नाही, एकानं पायातला जोडा पायानंच काढला, एकानं तिला ‘स्वैपाक कसा करता’ म्हणून विचारलं तर म्हणाली ‘गॅसवर’. आणि बारावा तुमचा. बाराव्याला पहिल्यांदा ती ‘बघू’ म्हणाली. बघू! आमच्या घरात हा शब्द आला तेव्हा माझ्या यजमानांनी देवापुढं साखर ठेवली. आता तुम्ही ही सोयरीक मोडता म्हणता, तर त्या साखरेचं काय?

म्हणून म्हणते, माझं अवघं ऐकून घ्या, मग हवी तर मी स्वतः पावती फाडून देते.

हे पेज म्हणजे काय — दोन वर्षांमागं वरून फर्मान आलं की प्रत्येक स्टेशननं लोकांशी मैत्री करायची. फोनवरून. मैत्री! आम्हाला पाहून लोक हेल्मेट शोधायला लागतात, मैत्री कशी करणार? सारांनी अवघ्यांना उभं केलं आणि विचारलं, रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ची फुलं कोण पाठवतं? मी भोळी, हात वर केला. झालं. पेज माझ्याकडं. फोनही माझाच, वेगळा फोन द्यायला कागद वर गेलाय तो अजून तिथंच आहे. तर माझ्या एकाच फोनात सासूबाईंची औषधं, रम्याची स्थळं आणि कायदा-सुव्यवस्था. तुम्हीच सांगा, हे एका घरात नांदतील का?

पहिलं मी काय टाकलं — ‘हेल्मेट घाला, जीव वाचवा’. नऊ जणांना आवडलं. त्यातले सात आमच्याच स्टेशनातले, सारांनी उभं करून आवडायला लावलं. आठवे माझे यजमान. नववा कोण ते आम्ही अजून शोधतोय. मग मी घरातली डोलती बाहुली आणली, नवरात्रात मांडतो ती, आपल्या तंजावूरची, टिचकी मारली की मान हलवते. तिला जननीनं पुठ्ठ्याची पोलीस टोपी केली, खाकी पोलकं शिवलं, मिशी काढली — काढायला नको होती, खाली घागरा तसाच राहिला — आणि रील केलं. एक माणूस तक्रार सांगतो, बाहुली मान हलवते. दुसरा सांगतो, हलवते. खाली आम्ही लिहिलं, ‘आम्ही तुमचं ऐकतो.’ बाई, रात्रीत अकरा हजार लोकांनी पाहिलं! सार म्हणाले, श्रीलक्ष्मी, पेढे आणा. पेढे आणले, खाल्ले, मग खालचे अभिप्राय वाचले. लोकांनी लिहिलं होतं, ‘शेवटी खरं दाखवलंत. आमच्याही तक्रारीला अशीच नुसती मान हलवली होती.’ कुणी लिहिलं, ‘ही बाहुली तिथल्या अवघ्यांपेक्षा जास्त काम करते, हिला प्रमोशन द्या.’ सारांनी पेढ्याचा अर्धा तुकडा बशीत परत ठेवला.

पण लोक आले ना! हेच मी सारांना म्हटलं. हसायला का होईना, आले. त्यानंतर काय काय केलं विचारू नका. एका हरवलेल्या बकरीचा फोटो टाकला तर तीन मालक आले आणि बकरी चौथ्याचीच निघाली. एटीएमचा नंबर कुणाला सांगू नका म्हणून टाकलं तर एका आजोबांनी खाली आपला नंबर लिहून विचारलं, हा सांगू नको ना? तरी बरं चाललं होतं. पण ते तुमच्या नदीकाठच्या स्टेशनात एक सब-इन्स्पेक्टर आलाय ना, गाणारा? ‘सिग्नल तोडू नका’ तो कल्याणी रागात गातो. वीस हजार लोक त्याच्या पेजवर! आमच्याकडं साडेचार. आता मी कल्याणी कुठून आणू? माझ्या गळ्यातून फक्त शिट्टी निघते. तुम्ही बघता का त्याला? बघता? … बरं. बघा. आवाज चांगला आहे म्हणा. सार बरीक रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात, त्याचे किती झाले म्हणून. एखाद्या बाईनं सवतीचे दागिने मोजावेत तसे.

तर शुक्रवार.

गुरुमूर्तीमामांनी — माझे मामा, तुमच्याकडून पत्रिका त्यांनीच आणली — मला विश्वेशचा फोटो पाठवला. तुम्हीच दिलेला, फणसाच्या झाडाखालचा. पत्रिका जुळली, नक्षत्र जुळलं, आता राहिली चौकशी. मुलाची चौकशी केल्याशिवाय आपल्यात कुणी मुलगी देतं का? तुम्हीही केलीच असेल आमची. केली ना? आमच्या गल्लीतल्या विशालाक्षीला विचारलंत, मला ठाऊक आहे, ती विचारणाऱ्याला सांगायच्या आधी ज्यांच्याविषयी विचारलं त्यांना सांगते. मग मी काय करायचं ठरवलं? आपल्या तंजावूरच्या मराठी घरांचा, राजवाड्याच्या गल्ल्यांतला ग्रुप आहे, त्रेसष्ट बायका, कुठल्या घरात कुठलं लोणचं घातलं इथपासून अवघं ठाऊक. त्यांना विचारायचं, या मुलाची कुणाला काही माहिती आहे का. इतकंच. फोटो निवडला. तमिळीत लिहायला लागले, कारण निम्म्या सुना तमिळ आहेत आता. ‘खालील फोटोतील’ एवढं लिहिलं — आणि फोन मेला शहाणा, रोज तेच लिहून लिहून पाठ झालेलं त्याला, पुढचं त्यानंच लिहून टाकलं. ‘खालील फोटोतील व्यक्तीविषयी माहिती असल्यास ताबडतोब कळवावी. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्यात येईल.’ मी वाचलं आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. नाव गुप्त म्हटलं की बायका मोकळेपणानं बोलतील म्हणून. आणि पाठवलं. कुठं पाठवलं? अंगठ्याला काय, दोन वर्षांची सवय — फोटो म्हटला की पेज.

सकाळी साडेदहाला.

कळलं लगेच हो! लगेच. विशालाक्षीचा फोन आला, ‘श्रीलक्ष्मी, तुमच्या होणाऱ्या जावयानं काय केलं गं? खून की बँक?’ मी ताबडतोब काढून टाकलं. अगदी ताबडतोब. पण तेवढ्यात पसरलं त्याला मी काय करू — लोकांनी आपापल्या ग्रुपवर टाकलं, कुणीतरी वर ‘भयंकर’ लिहिलं, कुणीतरी त्याला गळ्यातली साखळी ओढणारा केला, कुणीतरी म्हणालं याला मी कुंभकोणम्‌च्या देवळात पाहिलं, रडत होता, पश्चात्ताप झालेला दिसत होता. लोकांना इतकी आवड आहे बाई पोलिसांना मदत करायची! दोन वर्षं आम्ही मैत्री मैत्री करत होतो, ती एका सकाळी झाली.

आणि पावणेबारा-बाराला बस. मी इथंच या टेबलाशी. ड्रायव्हरनं हॉर्न लांबूनच बोट दाबून वाजवत आणलेला. मग कंडक्टर उतरला, शिट्टी तोंडात, एका हातात तिकिटांचं यंत्र, दुसऱ्या हातात तुमच्या मुलाची कॉलर — कॉलर नव्हे, बाही. नुसती बाही. आदरानं. मागं एकोणपन्नास माणसं, अवघी साक्षीदार. एक म्हातारी शेवग्याच्या शेंगांचा भारा घेऊन — ती म्हणे, पळाला असता तर मी शेंगेनं हाणला असता. एक शाळामास्तर, त्यांनी घटनेचा वृत्तांत बसमध्येच लिहून आणलेला, खाली सह्यांना जागा सोडून. आणि मधे तुमचा विश्वेश. निळा शर्ट, पाठीला बॅग, हातात तुम्ही दिलेला दहीभाताचा डबा. डबा सुटू दिला नाही हो त्यानं! मी त्याला पाहिलं, तोंडातून काय निघावं — ‘फोटोपेक्षा बरा दिसतो.’ सार म्हणाले, हा कोण? काय गुन्हा? मी म्हटलं, सार, गुन्हा अजून ठरायचाय, मुहूर्त पंचमीचा निघतोय.

त्यानं काय करावं? दुसरा कुणी असता तर ओरडला असता, वकील म्हटलं असतं. हा म्हणाला, ‘आधी आजींना बसू द्या, त्या तिरुवैयारुपासून उभ्या आहेत, माझ्या बाजूला उभ्या राहून माझ्यावर पहारा करत होत्या.’ आणि ती लंगडी खुर्ची म्हातारीला दिली. म्हातारी बसली, पुढं झुकली, आणि खरं बोलायला लागली — म्हणाली, ‘खरं तर मला बाजारात जायचं होतं, पण गर्दी इकडं आली म्हणून आले.’ तेव्हा रम्या दारात. मला डबा द्यायला आलेली. तिनं अवघं ऐकलं. आणि बाई, ती हसली. अकरा मुलांपुढं ती दात न दाखवता हसत होती तसं नव्हे. नाकातून आवाज येईपर्यंत हसली, भिंत धरून. आणि तुमचा मुलगा तिच्याकडं बघून म्हणाला, ‘तुमच्याकडं मुलगा बघायला असंच आणतात का?’ मी तिथं नव्हते. म्हणजे होते, पण टेबलाखाली पेन शोधत होते. चांगला अर्धा तास शोधलं.

तर माझं म्हणणं, मुलांचं काही बिघडलं नाही. उलट. काल रात्री तर ती दीड तास बोलत होती त्याच्याशी, गच्चीवर, मी कपडे काढायला तीनदा गेले, कपडा एकच होता. परवाही. रोजच म्हणा की, शुक्रवारपासून… काय झालं? पाणी देऊ? तुम्हाला सांगितलं नाही त्यानं? मीटिंग म्हणाला? रोज? रात्री नऊला मीटिंग म्हणाला? अय्यो. मी काही बोलले नाही हं. विसरा. मीटिंगच असेल. म्हणजे दोन्ही असेल. आधी मीटिंग, मग…

राग आला तुम्हाला. येणारच. मला मुलगी आहे म्हणून मी गच्चीवर जाते, तुमचा तर चेन्नईला, तुम्ही कुठल्या गच्चीवर जाणार.

बरं, अर्जाचं बोलू. शेवटी लिहिलंय, ‘सदर पोस्ट दुपारी बारा वाजेपर्यंत पेजवर होती.’ बारा? छे! मी सांगितलं की, ताबडतोब — म्हणजे विशालाक्षीचा फोन आला पावणेअकराला. मग… हो, बस आली तेव्हा ती होती. सार आले तेव्हाही होती, त्यांनीच मला दाखवली. जननी, तू मधे बोलू नको. माझ्या फोनला रेंज नव्हती. होती, पण — हे बघा, बाई. मी या खुर्चीवर बसलेय, त्या लंगड्या खुर्चीवरही नाही, तरी बोलते. मला पावणेअकराला कळलं. अंगठा तिथंच होता, काढून टाकायच्या जागी. आणि मी आकडा पाहिला. दहा मिनिटांत सहाशे लोक नवे. सहाशे! दोन वर्षांत माझ्या बाहुलीनं मान तुटेपर्यंत हलवून जे केलं नाही ते तुमच्या मुलानं फणसाखाली नुसतं उभं राहून केलं. मी म्हटलं, एक हजार झाले की काढते. एक हजार झाले. म्हटलं, साडेपाच हजारांचे सहा तर होऊ दे. मग म्हटलं, तो कल्याणीवाला… वीस हजार काही होत नाहीत, पण त्याला जरा घाम तरी फुटू दे. सव्वा तास, बाई. सव्वा तास मी माझ्या होणाऱ्या जावयाला फरार ठेवला, आकड्यासाठी. हे मी यजमानांना सांगितलेलं नाही, सारांना सांगितलेलं नाही, रम्याला तर — रम्याला कळलं तर तेरावं स्थळ ती माझ्यासाठी शोधेल. हे तुम्ही अर्जात घालायला मोकळ्या आहात. बारा वाजेपर्यंत लिहिलंयत, बरोबर लिहिलंयत.

काफी घ्या हो. साय धरली.

एक बरीक मला कळत नाही. तुमच्या अर्जात अवघं आहे — फोटो, बाही, गाडी, डबासुद्धा आहे — पण बस कुणी सांगितली ते नाही. ते तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही? कारण फोटोवरून काय होणार होतं? लोक चार दिवस कुंभकोणम्‌मध्ये शोधत बसले असते. कुणीतरी खाली लिहिलं म्हणून कंडक्टरला सापडला. थांबा, दाखवते. पोस्ट काढली तरी हे जपून ठेवायला लावलं सारांनी, चौकशीला लागेल म्हणून, बाकीच्यांना दिसत नाही. आणि नियम असा की कुणी माहिती दिली की त्याला आभाराचं उत्तर गेलंच पाहिजे, दोन दिवसांच्या आत. तीनशे बारा जणांना जननीनं पाठवली. हा एकच उरलाय, आज चौथा दिवस, सार सकाळपासून ओरडताहेत. का उरला? कारण आमच्यात कुणाला वाचताच येईना. जननी म्हणाली, अक्का, अक्षरं तमिळ आहेत पण आत काय आहे कळत नाही. आज सकाळी मी पाहिलं, तर आपली मराठी! तमिळ अक्षरांत मराठी. आता ती डोळ्यांनी कुठं कळते, तुम्हीही तशीच लिहीत असाल — क नि गला एकच अक्षर, त नि दला एकच, मोठ्यानं वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही. मधले चार इंग्रजी शब्द तेवढे अवघ्यांना कळले, ‘ब्लू शर्ट’, ‘विंडो सीट’, ‘इलेव्हन ओ क्लॉक बस’. कंडक्टरला तेवढे पुरले.

नाव बघा, ‘एक प्रामाणिक नागरिक’. फोटो जास्वंदीचा. ऐका हं, वाचते.

‘नमस्कार. मुलगा ओळखीचा आहे. कशासाठी हवा ते ठाऊक नाही पण पोलिसांशी खोटं बोलू नये म्हणून लिहिते.’ लिहिते! म्हणजे बाई आहे. आपल्यातलीच, शेजारीण असेल तुमची, जळणारी. ‘आता इलेव्हन ओ क्लॉक बसनं तंजावूरला येतो आहे, ब्लू शर्ट, विंडो सीट.’ कसं बारीक लक्ष बघा! ‘स्वभावानं गरीब आहे, चोरी करणार नाही. पण खरंही सांगत नाही. वांग्याची भाजी आवडत नाही म्हणून वीस वर्षं सांगितलं नाही, डब्यातून मांजराला घालत होता, ते मांजर मेल्यावर कळलं.’ हे शेजारणीला कसं — खिडकीतून दिसत असेल. ‘घरी आला तर दोन दिवस, त्यातला दीड फोनवर. घरून फोन केला की मीटिंग आहे म्हणतो. घरचं माणूस फोन हातात घेऊन बसून राहतं, आठ वाजतात, नऊ वाजतात, मग भात झाकून…’ अर्ज कशाला ओढता, बाई? डबरा सांडेल. निघालात? ऐका की, एवढंच उरलंय. ‘तुमच्या स्टेशनात सापडला तर मारू नका. दरडावून फक्त सांगा की घरी फोन करत जा. पोलिसांचं तरी ऐकेल.’

संपलं.

कोण असेल हो ही? शेजारीण जळकी म्हटली मी, पण हे काही जळकं नाही. … बरं, मी आभार पाठवून टाकते, सारांची कटकट तरी मिटेल. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ — दाबलं. गेलं.

तुमचा फोन वाजला, बाई.

पिशवीत. पुन्हा वाजतोय बघा, दोनदा येतं ते, एकदा उत्तराचं आणि एकदा बाहुलीच्या मान हलवण्याचं, जननीनं तसं लावून ठेवलंय. घ्या की. घ्या ना, मी काही…

…

जननी, बाहेर बघ गं कुणी आलंय का. नाही आलं? मग कुणी येईपर्यंत तिथंच उभी राहा. दार ओढून घे.

ही काफी गार झाली, विहीणबाई, टाकून देते. डोळे पुसा, पंख्याची धूळ फार आहे या खोलीत, माझेही चुरचुरतात. अर्ज पिशवीत घाला. खाली नीट घाला, पदराला शाई लागेल. भिंतीवरच्या त्या पाटीवर काय लिहिलंय वाचता येतं ना तुम्हाला? नाव गुप्त ठेवण्यात येईल. आमचं स्टेशन बाकी काय पाळतं न पाळतं, एवढं पाळतं. आणि ते माझं सव्वा तासाचं — ते तुम्ही पाळा. विश्वेशला मी आज दरडावते, युनिफॉर्मवर, व्हिडिओ कॉल लावून. रोज आठ वाजता घरी फोन, गच्ची नऊ वाजता.

या आता. साडेबाराची बस आहे, पळत गेलात तर मिळेल. खिडकीजवळ बरीक बसू नका.